खेप

निवृत्तीच्या दिवशी खात्याने शाल दिली, नारळ दिला,
आणि मी न विचारता उचलून आणली
एक कोरी नोंदवही.
तीस वर्षं चोडण ते रायबंदर, रायबंदर ते चोडण,
हिशेब केला तर
मी कुठेच गेलो नव्हतो.

आता परसात, फणसाच्या बुंध्याला टेकून,
चार कोंबड्यांचं खुराडं.
दाराची फळी मी दोरीने खाली सोडतो, दोरीने वर ओढतो,
आणि बायकोचं ऐकाल तर
सोडताना तोंडाने भोंगाही वाजवतो.
खोटं. एकदाच वाजवला.

नावं धक्क्यांची: केरी, नार्वे, वांशी, रासय.
केरी सगळ्यात आधी उतरते, मोटारसायकलवाल्यांसारखी,
फळी टेकायच्या आत.
नार्वे मान वाकडी करून पाण्याचा अंदाज घेते, पाणी नसताना.
वांशी थांबते रासयसाठी, रासय वांशीसाठी,
त्यामुळे दोघी बराच वेळ आतच.

नोंद रोज होते, पेन्सिलीने.
मंगळवार. भरती पहाटे पाच चाळीस.
केरी एक. वांशी एक. रासय एक, कवच मऊ.
नार्वे नाही.

मऊ कवचावर उपाय कार्मेलीनने सांगितला, कुंपणापलीकडून:
तिसऱ्यांच्या शिंपल्या भाज, कुट आणि घाल.
तेव्हापासून रविवारी जेवण झालं की
आमच्याकडे शिंपल्या कोणी टाकत नाही.
नदीतलं ताटात, ताटातलं चोचीत,
आणि कधीतरी सकाळी गवताच्या खळग्यात
कोमट, जरा खरखरीत, मुठीत मावेल एवढं.
मी ते कानाशी धरतो.
का, ते विचारू नका.

श्रावणात घरात अंडं शिजत नाही,
हे कोंबड्यांना कोणी सांगितलेलं नाही.
टोपली भरते, कार्मेलीनकडे जाते,
आणि रिकामी परत येत नाही.
कधी नीरफणस, कधी तवशी,
एकदा चुकून सुक्या बांगड्याचं पार,
ते बायकोने चवथ उलटेपर्यंत
फडताळात सगळ्यात मागे, देवाला दिसणार नाही असं ठेवलं.

नार्वेचं मात्र मे महिन्यापासून एकही नाही.
पाच वर्षांची झाली. पिसं नीट, खाणं नीट.
रोज नऊच्या सुमाराला आत जाऊन बसते,
अर्धा तास, अगदी गंभीर,
मग बाहेर येऊन ओरडते, अख्ख्या वाड्याला कळावं असं.
गवतात हात घालतो.
गवत ऊन असतं. बाकी काही नसतं.

मेहुणा आला होता वाळपईहून.
तिच्याकडे बघून म्हणाला, शागुतीला चालेल अजून.
मी म्हटलं, चहा घे.

त्या रात्री खारफुटीत कोल्हे ओरडत होते
आणि मला डोळा लागेना.
आठवत होती रात्रीची शेवटची खेप.
इकडून जायला कोणी नाही, तिकडून यायला कोणी नाही,
भर पावसाळ्यात, पलीकडचा दिवासुद्धा दिसत नाही,
तरी इंजिन सुरू करायचो,
रिकामी न्यायचो, रिकामी आणायचो,
कारण वेळापत्रकात होती.
आणि दोर बांधून झाल्यावर, ओल्या हाताने:
प्रवासी शून्य. खेप पूर्ण.

सकाळी वही उघडली.
बुधवार. केरी एक. रासय एक, कवच बरं.
वांशी नाही, पिसं झडतायत.
नार्वे शून्य.
खेप पूर्ण.

बायको खांद्यावरून वाचत होती.
म्हणाली, मागच्या जाळीला मुंगसाने भोक पाडलंय,
ते कुठे लिहिलंस?
मी पेन्सिल शोधायला लागलो.
ती म्हणाली, लिहू नको. तार आण.